मास्तरांचा बोरा

भंडाऱ्यात पितळी भांडी ठोकणाऱ्यांची एक गल्ली होती. सकाळी आठपासून दिवेलागणीपर्यंत ठाण् ठाण् ठाण्. तिथे राहणारी माणसं बहिरी होऊन मरायची आणि भाडेकरू महिन्याभरात पळून जायचे. अशा गल्लीत संगीताचा क्लास काढण्याची अक्कल फक्त एका माणसाला सुचली. ते आमचे मास्तर.

"मास्तर, एवढ्या आवाजात सूर कसा लागन?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"आवाज कोठी आहे?" मास्तर म्हणाले. "तो समोरचा पान्याचा गुंड काळी चारमंधी ठोकून राहिला. त्याच्या बाजूचा गडवा पांढरी सहा. कोपऱ्यावरचा तेवढा बेसूर आहे, पण तो मानूसच बेसूर आहे."

माणूस, बैल, दाराची बिजागरी, सगळ्यांची पट्टी त्यांना ठाऊक असायची. शेजारी नवं बाळ रडायला लागलं की हे भिंतीला कान लावून म्हणायचे, "काळी पाच. पोरगं चांगलं निघन." मयताला गेले तर बायांच्या रडण्यातली एखादी खोटी बाई त्यांना नेमकी सापडायची. "ते हिरव्या लुगड्याची," परत येताना ते हळूच सांगायचे, "तिले काई दुःख नाई. सूर चढून राहिला तिचा."

अंगाने काटकुळे, पांढरा पायजमा, काळी टोपी. हसताना कोणी पाहिलं नव्हतं. दिवसा ते एका शाळेत मुलींना समूहगीतं शिकवत, संध्याकाळी आम्हा चार-सहा जणांना गाणं. पण हे सगळं पावसाळ्यापुरतं. दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या, की मास्तरांचा खरा अवतार बाहेर पडायचा. आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की प्रत्येक गाव नाटक करतं. अंधार पडता पडदा उघडतो आणि सूर्य उगवता पडतो. स्टेजसमोर जमिनीत कमरेएवढा खड्डा खणतात. त्यात ऑर्गन, तबला, क्लॅरोनेट. त्या खड्ड्याचे राजे आमचे मास्तर. दोन्ही हात ऑर्गनवर गुंतलेले, म्हणून सगळा कारभार तोंडाने चालायचा. डावी भुवई उचलली की क्लॅरोनेट. उजवी उचलली की तबला. हनुवटी वर केली की राजपुत्राने प्रवेश करायचा, खाली केली की मरायचं. एकदा माशी बसली म्हणून त्यांनी हनुवटी झटकली, तर बिचारा सेनापती लढाईआधीच आडवा झाला.

आणि मास्तरांचा बोरा.

नाटकाच्या दिवशी दुपारपासून आमच्याकडे लोक जागा धरतात. कोणी बोरा, म्हणजे रिकामं पोतं, आणून अंथरतं, कोणी फाटकं चवाळं, कोणी सातरीची चटई. संध्याकाळपर्यंत सगळं मैदान ठिगळांच्या गोधडीसारखं दिसतं, आणि कोणी कोणाच्या बोऱ्याला हात लावत नाही. या सगळ्यांच्या आधी मास्तर येत. ट्रंकेतून तागाचा एक जुना बोरा काढत, एका कडेला निळ्या दोऱ्याची शिवण असलेला. खड्ड्याच्या अगदी काठावर, पहिल्या रांगेच्या मधोमध, तो अंथरत. हाताने सुरकुत्या काढत. वाकून नमस्कार करत. मग ऑर्गन आडवा लावत, म्हणजे एक डोळा स्टेजवर राहील आणि एक डोळा बोऱ्यावर.

त्या बोऱ्यावर कोणी बसायचं नाही.

कारध्याच्या नाटकात एक मोठे शेठ उशिरा आले. बरोबर चार माणसं, अंगावर शाल. पुढे एक बोरा रिकामा दिसला, बसले ऐसपैस. मास्तर नांदी सुरूच करेनात. दहा मिनिटं गेली, वीस गेली. पब्लिक ओरडायला लागली.

"मास्तर, काहून थांबले?" शेठनीच विचारलं.

"तुमी उठाची वाट पाहून राहिलो," मास्तर म्हणाले. "तुमी त्याच्या मांडीवर बसले."

मैदान हसलं. शेठही हसले, पण उठले. उठले तेव्हा मागचे लोक हसायचे थांबले. शेठचं धोतर मागून ओलंचिंब होतं. पाऊस जाऊन दोन महिने झाले होते आणि खाली जमीन ठणठणीत कोरडी होती. शेठ घरी धोतर बदलायला गेले, ते परत आलेच नाहीत.

माझ्यासारख्या हुशार माणसाने याचं काय स्पष्टीकरण दिलं असेल? शेठचं वय झालं होतं.

तर त्या बोऱ्यावर कोण बसतं, हे मी मास्तरांना विचारलं. आम्ही दोघं बैलबंडीतून ऑर्गन घेऊन चाललो होतो. दुपारचं ऊन, दोन्हीकडे धानाच्या कापलेल्या बांध्या.

"माह्या पयल्या नाटकाची गोष्ट आहे," मास्तर म्हणाले. "मी तुह्याएवढा होतो. नाटक रंगलं आन अवकाळी पानी आलं. हजार मानूस पाच मिनिटांत पळालं. नटबी पळाले. मी खड्ड्यात होतो, गुडघ्याएवढं पानी. ऑर्गन सोडून कसा जाऊ? अंगावर घोंगडं घेतलं आन वाजवत बसलो, भेव वाटून राहिलं होतं म्हनून. वर पायलं त एक बुढा बसून होता. बोऱ्यावर. भिजून राहिला होता, पण मांडीवर हातानं ठेका धरून. पहाटच्या फटफटीपर्यंत बसला. मी भैरवी वाजवली, डोळे मिटले, उघडले त नाई."

"गेला असन घरी."

"बोरा राहिला तठीच. पुऱ्या गावाले विचारलं, कोणाचा बुढा? कोणाचाच नाई." मग म्हणाले, "बाबू, पाहाले हजार लोक येतात. ऐकाले एखादाच येते. तो आला, का मंग वाजवतो."

मी बोऱ्याचा वास घेऊन पाहिला. मे महिन्यातसुद्धा त्याला पावसात भिजलेल्या तागाचा वास यायचा. ट्रंकेत ओल असेल, मी म्हटलं.

आता माझी फजिती सांगतो.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा. धानाच्या एका मिलमध्ये पोती मोजायचं काम, आणि डोक्यात एकच किडा: झाडीपट्टीचा गाणारा नायक व्हायचं. आवाज चांगला होता. मी सांगतो म्हणून नाही, मिलमधल्या बाया सांगायच्या. पण नायक कोण आणि नुसता नट कोण, हे मंडळं ठरवत नसत, मास्तर ठरवत. तेही कसे? नाटकाच्या शेवटी, उजाडताना, नायकाने भैरवी म्हणायची. नायक पुढे येऊन उभा राहायचा. मास्तर बोऱ्याकडे बघत. मास्तरांची मान हलली तर ऑर्गनचा सूर मिळायचा. नाही हलली तर मास्तर हात मांडीवर ठेवून बसत, नायक भैरवीचे शब्द नुसते बोलून दाखवायचा आणि पडदा पडायचा. भैरवी न मिळालेल्या नायकाला पुढच्या वर्षी कोणी बोलवत नसे. नागपूरहून आलेला एक भलामोठा गवई असाच रडत गेलेला मी पाहिलेला आहे.

क्लासातही तेच. बोरा समोर अंथरलेला. आम्ही एकेकाने त्याच्याकडे तोंड करून गायचं. माझं गाणं झालं की मास्तर बोऱ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "नाई."

"काय चुकलं, मास्तर?"

"माह्या हिशोबानं काईच नाई. त्याचं मन लागलं नाई."

दोन पावसाळे मी त्या रिकाम्या बोऱ्याला गाणं ऐकवलं. दोन पावसाळे "नाई". तुम्हीच सांगा, माणसाने नापास व्हावं, पण पोत्याकडून?

मग अड्याळच्या नाटकात ठरलेल्या नायकाचा घसा बसला आणि राजपुत्राची भूमिका माझ्याकडे चालून आली. माझं सगळं पाठ होतं. भीती एकच, भैरवीची. मिळाली तर पुढच्या वर्षी दहा गावांची बोलावणी. नाही मिळाली तर मिल आणि पोती, जन्मभर.

तेव्हा मला ती कल्पना सुचली. मिलमध्ये बोऱ्यांना काय तोटा? तसाच एक जुना बोरा शोधला. त्याच्या कडेला निळ्या दोऱ्याने शिवण घातली. शिवण इतकी हुबेहूब जमली की स्वतःचं कौतुक वाटलं. हिशेब सोपा होता: खोट्या बोऱ्यावर कोणी बसलेलं नसणार, म्हणजे नकार द्यायलाही कोणी नसणार. हा हिशेब करणाऱ्या माणसाचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता, हे लक्षात घ्या.

दुपारी मास्तर बोरा अंथरून चहाला गेले. मी पटकन अदलाबदल केली. पण खरा बोरा ठेवायचा कुठे? अड्याळला माझी मोठीमाय राहायची, माझ्या मोठ्या काकांची बायको. ती बायांच्या बाजूला, पार मागे, कडुलिंबाखाली जागा धरायला आली होती. तिच्या हातात बोरा दिला.

"यावर बस मोठीमाय. मऊ आहे."

"ओला आहे ना बे!"

"ओला नाई, थंडा आहे."

शेकडो बोऱ्यांत तो एक बोरा. देवालाही सापडला नसता.

अंधार पडताना मास्तर आले. पुढच्या बोऱ्यापाशी वाकले आणि अर्ध्यात थांबले. नमस्कार केलाच नाही. खड्ड्यात उतरले, ऑर्गन उघडला. मी विंगेतून बघत होतो. त्यांनी मान वर केली आणि एका टोकापासून मैदान बघायला सुरुवात केली, हरवलेलं माणूस यात्रेत शोधावं तशी. डोळे हळूहळू फिरत फिरत बायांच्या बाजूला गेले. मागे गेले. कडुलिंबाखाली थांबले. मास्तरांनी टोपी काढली, तिकडे वाकून नमस्कार केला, आणि तबलजीला म्हणाले, "ऑर्गन फिरव."

माझ्या तोंडाचा रंग वितळून मानेवर आला होता.

सबंध नाटक मास्तरांनी कडुलिंबाकडे तोंड करून वाजवलं. स्टेजकडे पाठ. भुवया दिसेनात, हनुवटी दिसेना, तरी एकही प्रवेश चुकला नाही. त्या खेळात मी कसा वागलो, काय बोललो, मला आठवत नाही. लोक खूश होते एवढं आठवतं.

मग फटफटलं. जानेवारीतलं धुकं मैदानावर उतरलेलं, ट्यूबलाइटी फिक्या पडलेल्या. भैरवीसाठी मी पुढे आलो, आणि उजेडात कडुलिंबाखालची जागा स्वच्छ दिसली. तिथे बाया एवढ्या दाटीने बसल्या होत्या की एकीची मांडी दुसरीच्या मांडीवर. मधे फक्त एक चौकोन रिकामा. बोऱ्याएवढा. माझी मोठीमाय, गुडघेदुखीची म्हातारी, त्या चौकोनाच्या बाहेर थंडगार मातीवर अंग चोरून बसली होती.

मास्तर त्या चौकोनाकडे बघत राहिले. माझ्या छातीचा ठोका कोणत्या पट्टीत होता ते त्यांनाच ठाऊक.

मान हलली. "हो."

ऑर्गनचा सूर आला! अहो, तो सूर! तसा सूर मला जन्मात कोणी दिला नव्हता. मीही त्या चौकोनाकडे तोंड केलं आणि सुरुवात केली. खोटं सांगत नाही, त्या पहिल्या कडव्यात मी गात नव्हतो, कोणीतरी माझ्याकडून ऐकून घेत होतं. तोंड उघडायच्या आत सूर तिथे पोचलेला असायचा.

कडवं संपलं आणि टाळ्या पडल्या. अड्याळच्या टाळ्या! शिट्ट्या, टोप्या वर. आणि मी, मिलमध्ये पोती मोजणारा गडी, मी काय केलं? मी तिकडे वळलो. टाळ्या पडल्या त्या बाजूला. दोन्ही हात पसरले, तीच जागा पुन्हा घेतली, आणखी चढवून, आणखी फिरवून. पुन्हा टाळ्या. पुन्हा मी.

तेव्हा मास्तरांची मान वळायला लागली.

नजर कडुलिंबापासून निघाली. सावकाश. म्हातारा माणूस चालतो त्या चालीने. बायांच्या रांगांमधून, मग मधल्या वाटेने. आणि ती जिथे पोचे, तिथल्या बाया पाय आवरून घेत होत्या. एकीने घेतले, तिच्या मागचीने घेतले, तिच्या मागचीने. पेंगणाऱ्यासुद्धा. डोळे न उघडता, कोणी पुढून जाताना आपण घेतो ना, तसे. ती पाय आवरण्याची लाट फाटकापर्यंत गेली. फाटकाबाहेर नुसत्या बांध्या आणि धुकं. मास्तर धुक्याकडे बघत राहिले आणि त्यांनी ऑर्गनवरून हात उचलले. भात्यात उरलेली हवा तेवढी सुस्कारत बाहेर गेली.

मी तशीच, बिनसुराची, भैरवी पुरी केली. लोकांनी डोक्यावर घेतलं.

पडदा पडल्यावर मी धावत कडुलिंबाखाली गेलो.

"मोठीमाय, तू बोऱ्यावर काहून नाई बसली?"

"कशी बसू? एक बुढा येऊन बसला ना. बायांत कोठी आला म्हनून मी बोलनार होती, पण बापा, असा ऐकत होता मन लावून, मांडीवर हात मारत... मंग म्हटलं बसू दे. तुहं गानं चालू असताच उठून गेला पण. कायले गेला?"

मागे मास्तर उभे होते. त्यांनी वाकून बोऱ्यावर तळवा ठेवला. खूप वेळ ठेवला.

"मास्तर, बोरा मीनं बदलला," मी म्हणालो.

"माहीत आहे. त्याच्यासाठी नाई गेला तो. बायांत बसाले भेटलं, खूशच होता." ते बोऱ्याची घडी करायला लागले. "तू त्याच्यासंग बोलाले सुरुवात केली आन मधातच दुसऱ्याकडं तोंड फिरवलं. आपल्यासंग कोणी असं केलं, त आपन बसतो का?"

एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर तो आला नाही. मास्तर प्रत्येक गावी बोरा अंथरत, नमस्कार करत, आणि रात्रभर त्याच्याकडे बघत, मुक्कामाची गाडी निघून गेलेल्या स्टँडकडे बघावं तसं. वाजवणं तसंच होतं, एक सूर कमी नाही. पण आता ते सगळ्यांनाच भैरवी देत. ज्याला सूर नाही त्यालाही. "मले काय विचारता?" म्हणत. "मले त काई समजत नाई." नट खूश झाले. मला तर बारा गावांची बोलावणी आली. मी एकाही गावाला गेलो नाही. तोंड उघडलं की आधी समोर कोण पाय आवरतंय का तेच बघायचो. असं गाणं होत नसतं.

पाच-सहा वर्षांनी मास्तरांचा निरोप आला. पितळेच्या गल्लीतल्या खोलीत ते खाटेवर होते. बाहेर ठाण् ठाण् चालू.

"तो कोपऱ्यावरचा गेला," मला बघून म्हणाले. "त्याचा पोरगा ठोकते आता. सुरात आहे." मग खाटेखाली बोट दाखवलं. "बोरा घेऊन जाय."

"मास्तर, मी कायले? मी गात नाई आता."

"माह्यापासून नाई गेला तो. तुह्यापासून गेला. आनाचं तुलेच पायजे."

"पण गाताच येत नाई त आनू कसा?"

मास्तरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा हसले. "मंग बोल. बोलतो त बरा. मघापासून तोंड कोठी बंद आहे तुहं?"

पंधरा दिवसांनी ते गेले. मयताला मी कान देऊन ऐकलं. एकही बाई चढ्या सुरात रडत नव्हती.

तेव्हापासून मी गोष्टी सांगतो. शाळांत, वाचनालयांत, मंडईत, बोलावतील तिथे. मिल सांभाळून. आधी जाऊन पुढे बोरा अंथरतो. लोकांना वाटतं ही माझी नाटकं आहेत, आणि मी त्यांना तसं वाटू देतो. वर्षं गेली. बोरा रिकामा. लोक पोट धरून हसले, एकदोनदा रडलेही, बोरा रिकामा.

गेल्या महिन्यात एकोडीला होतो. एका घरची ओसरी, दुपारची वेळ, तीस-चाळीस माणसं. म्हटलं, आज मास्तरांचीच गोष्ट सांगू. आजवर कुठे सांगितली नव्हती. बोऱ्याची अदलाबदल केली तिथपर्यंत आलो, आणि पहिल्या रांगेतल्या एका बाईने, माझ्याकडेच बघत, पाय आवरून घेतले.

मी थांबलो नाही. धोतराच्या जागी हशा झाला होता, भैरवीच्या जागी टाळ्या झाल्या. मान तिकडे वळायला लागली होती, ती मी दोन्ही हातांनी धरून ठेवली म्हणा ना. बोऱ्याकडे तोंड करून शेवटचं वाक्य बोललो, आणि डोळे मिटून घेतले. उघडायची छाती होत नव्हती.

उघडले तेव्हा लोक चहाला उठले होते. तीच बाई बोऱ्याची नीट घडी करून माझ्या हातात देत होती.

"तुमच्यासंगचे बुढाजी चहा न घेताच गेले, भाऊ," ती म्हणाली.

मी ओसरीबाहेर पाहिलं. "कधी गेले?"

"आता. पुरी गोष्ट झाल्यावर," ती म्हणाली. "मधात नाई उठले."